ओढ्याचा धनी कोण?

हवामानबदलाशी देश कसा जुळवून घेतो हे तपासायचे झाले, तर आपली नजर आपोआप कोरडवाहू खेड्याकडे, कोळीवाड्याकडे किंवा सुंदरबनाकडे जाते. ते चुकीचे नाही, पण तिथे गरिबी, दुर्गमता आणि हवामान यांची अशी सरमिसळ असते की सरकारी नियोजनाचे नेमके काय चुकले हे वेगळे काढता येत नाही. त्यासाठी बंगळुरूचे एचएसआर लेआउट अधिक सोयीचे. होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या मधली ही वसाहत बंगळुरू विकास प्राधिकरणाने सेक्टर पाडून, रस्ते आखून, तीस-चाळीस आणि चाळीस-साठ फुटांचे भूखंड वाटून वसवली. आज ती नवउद्योगांची पेठ आहे. इथे पैसा आहे, शिकलेले रहिवासी आहेत, जागरूक नागरिक संघटना आहेत आणि न्यायालयाची पायरी चढणारेही आहेत. कर्नाटकाच्या आपत्ती निरीक्षण केंद्राची पर्जन्यमापके आहेत, आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने तयार झालेले पुराच्या अंदाजाचे ॲपही आहे. तरीही पावसाळ्यात इथले रस्ते पाण्याखाली जातात आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. सगळे हाताशी असूनही जिथे अनुकूलन साधत नाही, तिथे कमतरता कशाची आहे, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे : आपल्याकडे आराखड्यांची वाण नाही, पैशाची आहे पण तीही मुख्य नाही. जमिनीच्या वापरावर आपल्या एकाही हवामान आराखड्याचे बंधन चालत नाही, ही खरी उणीव.

आधी जागेचा स्वभाव पाहू. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, एका कण्यावर वसलेले शहर आहे. जवळ मोठी नदी नाही. पाणी उतारावरून तीन खोऱ्यांत वाहते, आणि त्यांपैकी कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यात एचएसआर येते. जुन्या लोकांनी या उतारावर तळ्यांची साखळी बांधली. मडिवाळ तळे भरले की पाणी आगरा तळ्यात, तिथून बेळ्ळंदूरला, मग वर्तूरला आणि शेवटी दक्षिण पिनाकिनी नदीत. तळ्यांना जोडणाऱ्या ओढ्यांना तिथे राजकालुवे म्हणतात. सिल्क बोर्ड चौक आणि एचएसआरचा सखल भाग याच वाटेत आहेत. त्यामुळे मे २०२५ मध्ये चोवीस तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तेव्हा हाच चौक आणि हीच वसाहत तुंबली, यात आश्चर्य नव्हते. सप्टेंबर २०२२ मध्ये एका रात्रीत सुमारे १३० मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा सर्जापूर रस्ता आणि येमलूर भागातल्या महागड्या बंगल्यांतून लोकांना होड्यांनी आणि ट्रॅक्टरने बाहेर काढावे लागले होते.

दीडच वर्षाने, मार्च २०२४ मध्ये, त्याच शहरात पाण्याची ओरड झाली. शहराची गरज तेव्हा दिवसाला सुमारे २,६०० दशलक्ष लिटर, कावेरीतून येणारे पाणी १,४५० दशलक्ष लिटर. सरकारी कूपनलिका सुमारे १४,०००, त्यांतल्या ६,९०० आटल्या, असे खुद्द मुख्यमंत्र्यांनी सांगितले. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर ५,००० रुपये दंड लागू झाला, आणि जिल्हा प्रशासनाने टँकरचे दर ठरवून दिले : पाच किलोमीटरच्या आत ६,००० लिटरला ६०० रुपये. आता एक साधा हिशेब करू. तीस-चाळीसच्या भूखंडावरचे छप्पर म्हणजे १,२०० चौरस फूट, सुमारे १११ चौरस मीटर. १०० मिलिमीटर पावसात त्यावरून ११ हजार लिटर पाणी उतरते. म्हणजे एका छपरावरून एका दिवसात जवळजवळ दोन टँकर पाणी ओढ्याकडे जाते, ओढा ते पेलत नाही, ते रस्त्यावर येते, आणि वर्ष सरायच्या आत तेच कुटुंब तेवढ्याच पाण्याला बाराशे रुपये मोजते. आणि पर्जन्यजल संकलन बंगळुरूत २००९ पासून कायद्याने सक्तीचे असूनही हे होते. पूर आणि टंचाई ही दोन संकटे दोन वेगळ्या खात्यांच्या फायलींत असतात, म्हणून ती दोन वाटतात. मुळात पाणी साठवायची जागा गेली, हे एकच दुखणे आहे.

या जागेवर किती आराखडे लागू आहेत हे मोजले तर थक्क व्हायला होते. जून २००८ मध्ये केंद्राने हवामानबदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. आठ अभियाने त्यात होती. सौर ऊर्जा आणि ऊर्जा कार्यक्षमता ही उत्सर्जन कमी करण्याची. पाणी, शेती, हिमालय, हरित भारत आणि शाश्वत अधिवास या अभियानांचा अनुकूलनाशी थेट संबंध. त्यानंतर राज्यांना आपापले आराखडे करायला सांगितले, कर्नाटकाने केला आणि पुढे सुधारलाही. ऑगस्ट २०१५ मध्ये नाबार्डच्या हाती राष्ट्रीय अनुकूलन निधी सोपवला गेला. त्यातून देशभरात ३० प्रकल्प मंजूर झाले, एकूण रक्कम सुमारे ८४७ कोटी. महाराष्ट्रात नंदुरबार-बुलढाण्यातल्या खेड्यांत पाणी-शेतीचे काम झाले, ते याच निधीतले. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने या निधीला योजनांच्या यादीतून बाहेर काढले. डिसेंबर २०२३ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांना तिसरा राष्ट्रीय अहवाल दिला आणि त्यात अनुकूलनावरचे आपले पहिले निवेदन जोडले. त्याच्या आदल्या महिन्यात बंगळुरूच्या महापालिकेने स्वतःचा हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. सात क्षेत्रे, २६६ कृती. राष्ट्रीय अनुकूलन आराखड्याची सल्लामसलत २०२५ मध्ये दिल्लीत सुरू झाली. मडक्यांची उतरंड रचावी तशी ही कागदपत्रे एकावर एक आहेत, आणि उतरंडीप्रमाणेच वरच्या मडक्यातले खालच्यात उतरत नाही.

नियोजनाने काहीच साधत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे मेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन चक्रीवादळ आले तेव्हा जवळपास दहा लाख लोकांना आधीच हलवले होते, आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त मृत्यू झाले. त्यातून २०१३ मध्ये तिथला उष्णता कृती आराखडा निघाला आणि पुढे तो देशभर नमुना ठरला. ही उदाहरणे बारकाईने पाहिली की एक समान धागा सापडतो. कोणत्या आकड्याला इशारा द्यायचा, तो दिल्यावर कोण काय करणार आणि नाही केले तर जाब कोणाला विचारायचा, हे तिथे आधीच ठरलेले होते. शिवाय ही कामे मुळात माणसे हलवण्याची, इशारे देण्याची, रुग्णालये सज्ज ठेवण्याची होती. त्यात कोणाच्या जमिनीची किंमत खाली येत नव्हती. अनुकूलनाचा जो भाग जमिनीला हात न लावता करता येतो, तो आपल्याला चांगला जमतो, असा माझा निष्कर्ष आहे. जमीन आली की गाडी अडते.

ती कशी अडते हे पाहायला एचएसआरपासून लांब जावे लागत नाही. आगरा आणि बेळ्ळंदूर या दोन तळ्यांच्या मधल्या जमिनीवर, पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात जाण्याच्या नैसर्गिक वाटेवर, कर्नाटकाच्या औद्योगिक विकास मंडळाने दिलेल्या जागेत मोठी बांधकामे उभी राहत होती. नागरिक संस्था राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेल्या. मे २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने बिल्डरांना जबर दंड केला आणि सगळ्या बंगळुरूसाठी बांधकामबंदीचे पट्टे वाढवले : तळ्यांसाठी ७५ मीटर, ओढ्यांसाठी त्यांच्या प्रतीनुसार ५०, ३५ आणि २५ मीटर. शहराच्या २०१५ च्या विकास आराखड्यात तळ्यांसाठी ३० मीटरच होते. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे वाढीव पट्टे रद्द केले. कारण सरळ होते : विकास आराखडा कायद्याने मंजूर झालेला आहे, न्यायाधिकरण तो आदेशाने बदलू शकत नाही. या निकालावर पर्यावरणवाद्यांनी बरीच नाराजी व्यक्त केली. मला तो निकाल कायद्याच्या दृष्टीने योग्य वाटतो, आणि नेमका म्हणूनच बोधप्रद. शहरात कुठे काय बांधायचे हे ठरवणारा कागद एकच, विकास आराखडा. हवामानाचे सगळे दस्तऐवज त्याच्या पुढे शिफारशी ठरतात. आणि बंगळुरूचा हा बलवान कागद स्वतः कधीच कालबाह्य झालेला. २०३१ सालासाठी केलेला मसुदा मागे घेतला गेला, आणि आजही शहर २०१५ च्या आराखड्यावर चालते.

केंद्राचा स्वतःचा कायदाही इथे हात झटकतो. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांतून पिण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेली मानवनिर्मित तळी वगळली आहेत. बंगळुरूची जवळजवळ सगळी तळी तर माणसानेच, सिंचनासाठी आणि पिण्यासाठी बांधलेली! म्हणजे ज्या शहरात पाण्याची सगळी व्यवस्था तळ्यांवर उभी आहे, तिथल्या तळ्यांना राष्ट्रीय नियमांची सावली नाही. परिणाम महालेखापालांच्या २०२१ च्या लेखापरीक्षणात दिसतो. विसाव्या शतकाच्या आरंभी कोरमंगला खोऱ्यात सुमारे ११३ किलोमीटर लांबीचे ओढे होते, ते सुमारे ६३ किलोमीटर उरले. भारतीय विज्ञान संस्थेतल्या टी. व्ही. रामचंद्र यांच्या अभ्यासांनुसार १९७३ पासून शहराने सुमारे ७९ टक्के जलक्षेत्र गमावले. जे ओढे उरले त्यांना काँक्रीटच्या भिंती बांधल्या. काँक्रीटने पाणी वेगाने पुढे जाते, जिरत मात्र नाही, आणि पुढच्या सखल वस्तीत ते जास्त जोराने उतरते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. हा सगळा अतिक्रमणाचा आणि भ्रष्ट परवानग्यांचा मामला, त्याला हवामानबदल का म्हणायचे? नेत्यांना तर तेच हवे असते : निसर्गाकडे बोट दाखवले की आपली सुटका. आक्षेपाचा पूर्वार्ध मी मान्य करतो. उद्या पृथ्वीचे तापमान वाढायचे थांबले तरी सिल्क बोर्ड चौक तुंबेलच. पण पाऊसही बदलला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. बंगळुरू त्या पट्ट्याबाहेर असले तरी कारण तेच आहे : तापलेली हवा जास्त बाष्प धरते आणि एकदम सोडते. जुनी चूक आणि नवा पाऊस एकमेकांना गुणतात. ओढा निम्मा झाला नि पाऊस दीडपट झाला तर भार तिप्पट होतो. अतिक्रमण हटवणे हेच म्हणून अनुकूलनाचे पहिले काम, आणि ते हवामानाच्या अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण त्यात उद्घाटन करण्यासारखे काही नसते.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्रज्ञांचा. विकास हेच उत्तम अनुकूलन, श्रीमंत समाज संकटे झेलतो, असे ते म्हणतात. २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीत अनुकूलनाशी संबंधित खर्च २०१५-१६ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३.७ टक्के होता तो २०२१-२२ मध्ये ५.६ टक्के झाला, असे सांगितले आहे. आकडा मोठा आहे, पण शेती, पाणी, आरोग्य, गरिबी निर्मूलन अशा विकासाच्या अनेक योजना त्यात मोजलेल्या आहेत. त्या योजना हव्यातच. पण त्यांना अनुकूलन म्हटल्याने आगरा तळ्याचा सांडवा मोकळा होत नाही. एचएसआर तर या युक्तिवादाला जिवंत उलट पुरावाच आहे. श्रीमंतीने इथे काय घेतले? टँकर, आणखी खोल कूपनलिका, तळघरातले पंप, जनरेटर. प्रत्येकाने आपापल्या कुंपणाच्या आत सोय केली, आणि प्रत्येक सोयीने शेजाऱ्याचे पाणी थोडे खाली नेले किंवा थोडे वर आणले. ३० ऑगस्ट २०२२ या एका दिवशी बाह्य वर्तुळाकार मार्गावरच्या कोंडीने २२५ कोटींचे नुकसान झाले, असे तिथल्या कंपन्यांच्या संघटनेने मुख्यमंत्र्यांना कळवले. हा मार्ग एचएसआरच्या उशाशी आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी बंगळुरूच्या शहरी पुरांवर सुचवलेली रक्कम होती २५० कोटी. एका रस्त्याच्या एका दिवसाचा दावा आणि एका महानगराच्या पाच वर्षांची तरतूद जवळपास सारखीच.

तिसरा आक्षेप संघराज्याचा : जमीन हा राज्यांचा विषय, शहर नियोजन महापालिकांचे, मग केंद्राने त्यात का पडावे? हे कारण पुढे केले जाते तेव्हा किनाऱ्याचा विसर पडलेला असतो. १९९१ मध्ये केंद्राने पर्यावरण संरक्षण कायद्याखाली किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली आणि भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या जमिनीच्या वापरावर नियंत्रण आणले. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. ती अधिसूचना पुढे सैल होत गेली हे खरे, पण केंद्राला अधिकार आहे हे त्यातून सिद्ध झाले. आणि अधिकार नको असेल तर पैशाची अट आहेच. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मुंबईच्या २६ जुलै २००५ च्या ९४४ मिलिमीटर पावसानंतर, २०१० मध्ये, शहरी पुरांची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात पाणलोट हाच नियोजनाचा घटक धरा, दर चार चौरस किलोमीटरला एक पर्जन्यमापक बसवा, असे स्वच्छ लिहिले होते. लिहिणाऱ्यांना सगळे कळले होते. पण ती मार्गदर्शक तत्त्वे राहिली, अनुदानाची अट झाली नाहीत.

चौथा आक्षेप आंतरराष्ट्रीय न्यायाचा आहे आणि तो शंभर टक्के खरा आहे : बिघडवले श्रीमंत देशांनी, भरपाई आपण का करायची? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२५ च्या अहवालानुसार विकसनशील देशांना २०३५ पर्यंत दरवर्षी ३१० ते ३६५ अब्ज डॉलर लागतील, आणि २०२३ मध्ये सार्वजनिक निधी आला तो फक्त २६ अब्ज. भारताने हे मांडत राहायलाच हवे. पण ओढ्याच्या पात्रात इमारतीला परवानगी न देण्यासाठी एकही डॉलर लागत नाही.

एक गोष्ट मात्र बंगळुरूने केली आणि तिची पुरेशी दखल घेतली गेली नाही. २०१८ पासून याच कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातले प्रक्रिया केलेले सांडपाणी, दिवसाला ४४० दशलक्ष लिटरपर्यंत, उपसून कोलार आणि चिक्कबळ्ळापूरच्या शंभराहून अधिक तळ्यांत सोडले जाते. दुष्काळी कोलारच्या आटलेल्या विहिरींना त्यामुळे पाणी आले. पाण्याच्या प्रतीवरून खटले झाले, आणखी एका टप्प्याची प्रक्रिया करा ही मागणी रास्त आहे. पण राज्याच्या लघुपाटबंधारे खात्याने, हवामानाचे नावही न घेता, शहराच्या मैल्याला दुष्काळाच्या सोयीत आणले हे मान्य केले पाहिजे. कारण पुन्हा तेच. एक खाते, एक नळमार्ग, एक जबाबदारी.

जबाबदारीच्या नावाने एचएसआरमध्ये मात्र उलटा प्रवास चालू आहे. बंगळुरू महापालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली, आणि त्यानंतर पाच वर्षे शहर नगरसेवकांविना प्रशासकांनी चालवले. हवामान आराखडा याच काळात आला. त्यावर सभागृहात चर्चा व्हायला सभागृहच नव्हते. सप्टेंबर २०२५ मध्ये शहराचे पाच महापालिकांत विभाजन झाले, आणि तळ्यांची साखळी त्यांच्या हद्दींत तुटली : आगरा एकीकडे, बेळ्ळंदूर आणि वर्तूर दुसरीकडे. पाण्याला हद्द कळत नाही, निविदेला फक्त हद्दच कळते. या पाचही महापालिकांच्या वर बसलेल्या प्राधिकरणाने पाणलोटनिहाय काम केले तर हे विभाजन बाधणार नाही. अजून तसे चिन्ह नाही.

मराठी वाचकाला हे परके वाटायचे कारण नाही. वित्त आयोगाच्या त्याच यादीत पुण्यालाही २५० कोटी होते, मुंबईला ५००. पुण्यात सप्टेंबर २०१९ मध्ये आंबील ओढ्याने वीसहून अधिक बळी घेतले. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा पाऊस किती पडला यापेक्षा धरणातून किती सोडले आणि कोणी कळवले नाही, यावरच वाद झाला. मुंबईने २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा केला आणि पर्जन्यवाहिन्यांची क्षमता ताशी २५ वरून ५० मिलिमीटरवर नेण्याचे काम त्याआधीपासून चालू आहे, पण मिठी नदीच्या काठचे बांधकाम विकास नियंत्रण नियमावलीच ठरवते. ग्रामीण महाराष्ट्रात चित्र बरे आहे. मराठवाडा-विदर्भात पाच हजारांवर गावांत राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात निदान गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडून मग कामे ठरवली गेली. खेड्याला आपण पाण्याचा हिशेब विचारतो, शहराला विचारत नाही.

तेव्हा राष्ट्रीय अनुकूलन आराखड्याकडून अपेक्षा मोजकी ठेवावी. ब्रिटनच्या २००८ च्या कायद्याने दर पाच वर्षांनी धोक्यांचे मूल्यमापन आणि सरकारच्या कामावर संसदेला अहवाल देणारी स्वतंत्र समिती बंधनकारक केली. आपल्याकडे असा कायदा नाही. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणे हा घटनेच्या १४ आणि २१ या कलमांतून येणारा हक्क ठरवला, तेव्हा अशा स्वतंत्र कायद्याच्या अभावाचा उल्लेखही केला होता. हक्क आला, त्याची अंमलबजावणी करणारे यंत्र आले नाही. ते येईपर्यंत तीन गोष्टी करता येतील, आणि तिन्ही फुकट आहेत. पाणलोटाचा आणि पूररेषेचा नकाशा विकास आराखड्याला कायद्याने जोडल्याशिवाय शहराला केंद्राचा पूरनिधी मिळणार नाही, अशी अट घालावी. पाणथळ नियमांतून वगळलेली बांधीव तळी पुन्हा आत घ्यावीत. आणि प्रत्येक पाणलोटासाठी उत्तरदायी अधिकाऱ्याचे पद राजपत्रात जाहीर करावे. राज्यांचा पहिल्या अटीला विरोध होईल, कारण जमीन हाच राज्यांच्या राजकारणाचा खजिना आहे. म्हणूनच ती अट पैशाला बांधलेली हवी, उपदेशाला नव्हे.

नवीन वित्त आयोगाची पाच वर्षे एप्रिल २०२६ पासून धरली आहेत, तेव्हा ही अट घालायची संधी हीच. राष्ट्रीय आराखडा हाती आला की त्यातली उद्दिष्टांची आणि छायाचित्रांची पाने उलटून वाचकांनी एवढेच शोधावे : आपल्या वस्तीमागच्या ओढ्याला तो लागू आहे का, आणि त्या ओढ्यासाठी कोणत्या कार्यालयाचे नाव लिहिले आहे. नाव नसेल तर आपल्या खासदाराला तसे लिहून कळवावे.